परतीचे भाडे कोणी भरायचे?

दर वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिन साजरा होतो. पणजीत ध्वजवंदन होते, पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावर फुले वाहिली जातात आणि सरहद्दीच्या अलीकडे, बांदा-सावंतवाडीपासून मालवण-देवगडपर्यंत, जुन्या सत्याग्रहींच्या आठवणी निघतात. त्यानंतर तेरा दिवसांनी, १ जानेवारीला, दिल्ली व इस्लामाबाद येथे एक निराळा विधी पार पडतो. दोन्ही सरकारे आपापल्या तुरुंगांतील परदेशी कैद्यांच्या याद्या परस्परांच्या हाती देतात. २१ मे २००८ च्या करारान्वये हे वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैच्या १ तारखेला, करावे लागते. आणि २०२५ साली दोन्ही देशांच्या तोफा धडाडल्या तरी त्या वर्षीच्या जुलैची यादी चुकली नाही. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानने भारतीय किंवा भारतीय समजले जाणारे २१७ मच्छिमार आपल्या ताब्यात असल्याचे कळविले होते, तर भारताच्या ताब्यात ८१ पाकिस्तानी मच्छिमार होते. याद्या वेळेवर निघतात. त्या यादीतली माणसे मात्र वेळेवर घरी निघत नाहीत.

मुक्तिदिनाचा सोहळा आणि ही यादी यांचा परस्परांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दाखविण्यासाठीच हा लेख आहे. गोवा मुक्त झाला त्या दिवशी भारत सरकारच्या हाती सुमारे ३,३०० पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी म्हणून आले. लढाई दोन दिवसांत आटोपली. या माणसांना घरी पोचवायला मात्र पाच महिने लागले. लढाई संपल्यानंतर ताब्यातल्या माणसाचे राज्यसंस्थेकडे काय देणे उरते, हा प्रश्न आपल्या दाराशी तेव्हाच उभा राहिला होता. त्याचे उत्तर आपण अजून पुरते दिलेले नाही, आणि त्याची किंमत आज समुद्रावर पोट भरणारी माणसे मोजीत आहेत.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. युद्धकैद्यांसंबंधीचा जिनिव्हा करार १९४९ चा. त्याचे ११८ वे कलम सांगते की, प्रत्यक्ष लढाई थांबताच युद्धकैद्यांची विनाविलंब मुक्तता करून त्यांना मायदेशी पोचवावे. तह व्हावा, मग कैदी सुटावेत, असा क्रम या कलमात नाही. लढाई थांबणे एवढेच पुरे आहे. याच कलमात खर्चाचीही वाटणी आहे. दोन देश शेजारी असतील तर ताब्यात घेणाऱ्या देशाने आपल्या सरहद्दीपर्यंतचा खर्च सोसावा आणि पुढचा खर्च कैद्याच्या मायदेशाने. शेजारी नसतील तर ताब्यात घेणाऱ्या देशाने आपल्या सरहद्दीपर्यंत किंवा सोयीच्या बंदरापर्यंत पोचवावे, आणि उरलेल्या खर्चाची वाटणी दोघांनी न्याय्य रीतीने ठरवावी. पण, आणि हा ‘पण’ फार महत्त्वाचा आहे, ही वाटणी ठरायची आहे या सबबीवर कैद्यांच्या रवानगीस कोणत्याही परिस्थितीत विलंब करता येणार नाही.

आम्ही आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. वाहतूकखर्चाचा धडा शिकविताना भाडे कोणावर पडते, याची चर्चा वर्गात नेहमी होई. भाड्याचा वाद चालू असताना माल धक्क्यावर पडून राहिला तर नुकसान कोणाचे, हा त्यातला नेहमीचा प्रश्न. या कलमाच्या कर्त्यांना तो नेमका समजला होता असे दिसते. माल माणूस असेल तर वाद चालू राहू दे, पण जहाज सुटू दे, असा त्यांचा दंडक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लक्षावधी कैदी वर्षानुवर्षे परक्या देशांत राबविले गेले होते. त्या अनुभवाची धग या वाक्याच्या मागे आहे.

आता गोव्याकडे येऊ. १९ डिसेंबर १९६१ च्या सायंकाळी गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. लिस्बनहून सालाझारचा हुकूम निराळा होता: पोर्तुगीज सैनिक एक तर विजयी झाले पाहिजेत, नाही तर मेले पाहिजेत. आपल्या हाताखालील माणसे आणि गोव्यातील वस्ती यांची राखरांगोळी करण्याचे वासालो ई सिल्वा यांनी नाकारले, ही गोष्ट वसाहतवादाच्या कडव्या विरोधकानेही कबूल केली पाहिजे. त्यानंतर पोर्तुगीज नागरिकांना, त्यांत खुद्द गव्हर्नरांच्या पत्नीही होत्या, २९ डिसेंबरपर्यंत मुंबईस आणून तेथून मायदेशी रवाना करण्यात आले. म्हणजे नागरिकांसाठी दहा दिवस पुरले. सैनिक मात्र नावेली, आग्वाद, फोंडा येथील छावण्यांत राहिले. सुरुवातीचे दिवस कष्टाचे होते. सिमेंटच्या जमिनीवर निजणे आणि अंगमेहनत वाट्याला आली. जानेवारीत बहुतेकांना फोंड्याच्या नव्या छावणीत हलविल्यावर परिस्थिती सुधारली. तथापि मार्चमध्ये काही कैद्यांनी कचऱ्याच्या मोटारीतून पळून जाण्याचा प्रयत्न केला, तो फसला आणि प्रकरण हातघाईवर आले. तेव्हा एका जेजुइट पाद्रीच्या मध्यस्थीने अनर्थ टळला. लढाई केव्हाच संपली होती. छावणीतला ताण मात्र वाढत चालला होता. माणसे परतीच्या दिवसाची वाट पाहत कोंडून पडली की असेच व्हायचे.

मग हा विलंब का? दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध १९५५ पासून तुटलेले होते, तेव्हा प्रत्येक निरोप तिसऱ्या देशामार्फत जावयाचा. त्यातच पोर्तुगालने मोझांबिकमधील हिंदी लोकांना छावण्यांत कोंडून त्यांची मालमत्ता अडकवून ठेवली होती. दुकानदार, कारकून, त्यांची बायकामुले, यांपैकी कोणीही हातात बंदूक धरलेली नव्हती. गोव्यातल्या सैनिकांच्या बदल्यात मोझांबिकमधले व्यापारी, असा हा तराजू होता. अखेर मे १९६२ मध्ये फ्रान्सकडून भाड्याने घेतलेल्या विमानांनी कैदी कराचीस नेण्यात आले आणि तेथून ‘व्हेरा क्रूझ’, ‘पात्रिया’ व ‘मोझांबिक’ या तीन जहाजांनी ते लिस्बनला गेले. मोझांबिकमधले हिंदी लोकही त्याच वर्षी सुटले, पण ते घरी परतले असे म्हणवत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या उभे केलेले घर तेथेच टाकून त्यांना बाहेर पडावे लागले.

सैनिकांचे स्वागत कसे झाले? तेजो नदीच्या धक्क्यावर बायकापोरे वाट पाहत उभी होती आणि लष्करी पोलीस बंदुका रोखून जहाजातून माणसे उतरवून घेत होते. चौकश्या झाल्या, आणि मार्च १९६३ मध्ये भित्रेपणाच्या आरोपावरून गव्हर्नर व अनेक अधिकारी सैन्यातून बडतर्फ झाले. १९७४ मध्ये लिस्बनची हुकूमशाही कोसळली तेव्हा वासालो ई सिल्वा यांचा दर्जा त्यांना परत मिळाला. १९८० साली ते गोव्यास आले आणि गोव्याच्या लोकांनी त्यांचे आदराने स्वागत केले. ज्या राजवटीची माणसे होती तिने त्यांना गुन्हेगार ठरविले आणि ज्यांच्यावर राज्य केले त्यांनी माणूस म्हणून वागविले, यात गोमंतकीय समाजाचे मोठेपण आहेच. परंतु जहाज बंदराला लागले म्हणजे कैद्याचा प्रवास संपला असे नव्हे, हाही बोध त्यात आहे.

येथे आपल्या बाजूची एक जखम उघडी करणे भाग आहे. गोव्यातले पोर्तुगीज सैनिक मे १९६२ मध्ये सुटले. आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे केव्हा सुटले? १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीसठाण्यावरील हल्ल्याच्या वेळी ते जखमी होऊन पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा त्यांना झाली आणि पुढे लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात त्यांना एकांतवासात ठेवण्यात आले. गोवा मुक्त झाला. ज्या भूमीसाठी शिक्षा भोगायची ती भूमी स्वतंत्र भारतात आली. तरी रानडे तुरुंगातच राहिले. त्यांची सुटका जानेवारी १९६९ मध्ये झाली. तेलो द मास्कारेन्यश यांना तर १९७० उजाडले. म्हणजे ज्यांनी गोवा बळाने धरून ठेवला त्यांना पाच महिने लागले, आणि ज्याने तो सोडविण्यासाठी रक्त सांडले त्याला मुक्तीनंतर सात वर्षे.

यावर संतापून पुष्कळांनी विचारले आहे: ३,३०० सैनिक हातात असताना सरकारने रानड्यांची सुटका का मागून घेतली नाही? त्यांना दिल्याशिवाय एकही विमान उडू दिले नसते तर? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो विचारणाऱ्यांत आपलीही माणसे आहेत. मधु लिमये, नानासाहेब गोरे यांच्यासारखे समाजवादी सत्याग्रही १९५५ ते १९५७ पर्यंत गोव्याच्या तुरुंगात होते. साधे सत्याग्रही तर मार खाऊन सरहद्दीवर आणून टाकले जात आणि बांदा-सावंतवाडीची घरे त्यांची शुश्रूषा करीत. ज्या मुलखाने हे पाहिले त्याला रानड्यांचा विसर पडणे शक्यच नव्हते. तरीसुद्धा आमचे उत्तर स्पष्ट आहे. सैनिकांना अडकवून ठेवायला नको होते. अपराध घडला तो निराळा: सैनिकांना मोकळे केल्यावर रानड्यांसाठी दिल्लीने जो आटापिटा करायला हवा होता तो केला नाही. ते काम सुधीर फडक्यांसारख्या कलावंताला, त्यांच्यासारख्या नागरिकांच्या समित्यांना करावे लागले. १९६८ मध्ये तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई पोपना भेटले तेव्हा त्यांनी स्वतःसाठी काही न मागता या मराठी कैद्याची सुटका मागितली. ज्याचा रानड्यांच्या भाषेशी, पक्षाशी, प्रांताशी संबंध नाही अशा माणसाने केलेली ही मागणी सरकारी टिपणांपेक्षा अधिक उपयोगी पडली.

कैद्याला ओलीस धरले म्हणजे आपली माणसे सुटतात, हा समज अनुभवाने खरा ठरत नाही. १९७१ चे उदाहरण घ्या. १६ डिसेंबरला ढाक्यात झालेल्या शरणागतीनंतर सैनिक व नागरिक मिळून सुमारे ९३,००० माणसे भारताच्या ताब्यात आली. शरणागतीच्या दस्तऐवजातच जिनिव्हा करारानुसार वागणुकीची हमी होती, आणि छावण्यांतील वागणूक त्या हमीस मोठ्या अंशी धरून होती. परंतु त्यांची रवानगी झाली ती २ जुलै १९७२ चा सिमला करार आणि २८ ऑगस्ट १९७३ चा दिल्ली करार झाल्यानंतर. सप्टेंबर १९७३ पासून वाघा मार्गाने गाड्या सुटू लागल्या आणि ३० एप्रिल १९७४ रोजी जनरल नियाझी सरहद्दीपलीकडे गेले तेव्हा तो अध्याय संपला. बांगलादेशला मान्यता मिळावी, पाकिस्तानात अडकलेले बंगाली परत यावेत, हे हेतू त्या विलंबामागे होते आणि ते क्षुद्र नव्हते. ढाक्याची शरणागती संयुक्त सेनेपुढे झाली होती, तेव्हा बांगलादेशला वगळून निर्णय घेणे दिल्लीला शक्य नव्हते, हेही मान्य. तरी हिशेब पुरा मांडला पाहिजे. एवढे कैदी हाती असूनही, बेपत्ता झालेले आणि पाकिस्तानी तुरुंगात असल्याचे मानले जाणारे आपले चौपन्न सैनिक परत आले नाहीत. पाकिस्तानने ते आपल्याकडे असल्याचे कधी कबूलच केले नाही. २००७ साली त्यांचे नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहून रिकाम्या हातांनी परतले. संख्येच्या बळावर सौदा होतो असे ज्यांना वाटते त्यांनी या चौपन्न घरांत जाऊन विचारावे.

त्याच दिल्ली कराराची दुसरी बाजू मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. करार होताच संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांनी पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्या दरम्यान विमानांची साखळी उभी केली आणि पाकिस्तानातले बंगाली व बांगलादेशातले बिगरबंगाली अशी दोन लाखांहून अधिक माणसे काही महिन्यांत इकडून तिकडे पोचविली. जे दीड वर्ष अशक्य म्हणून सांगितले जात होते ते ठरविल्याबरोबर शक्य झाले. विमाने, आगगाड्या, भाडे, शिधा यांपैकी कशाचीच खरी टंचाई नव्हती.

भारताला या कामाचा अनुभव नाही असेही नाही. कोरियातील युद्ध १९५३ साली थांबले तेव्हा मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांची जबाबदारी जनरल थिमय्यांच्या अध्यक्षतेखालील तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे आली. त्यांच्या रक्षणासाठी गेलेल्या भारतीय दलाचे सेनापती होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाच्या सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही असे जाहीर केले, तेव्हा इंचॉनच्या बंदरात जहाजावरून उचलून त्यांना हेलिकॉप्टरने तटस्थ पट्ट्यात उतरविण्यात आले. राजकारणाने जमीन अडविली तर आकाशातून वाट काढायची, इतकी तत्परता तेव्हा दाखविली गेली. कैद्याला घरी न्यायचे, पण त्याच्या इच्छेविरुद्ध न्यायचे नाही, हे सूक्ष्म कर्तव्यही त्या दलाने हातात काठी घेऊन, संयमाने पार पाडले. ती परंपरा आपली आहे.

आता आपल्या समुद्राकडे वळू. जिनिव्हा कराराचे ११८ वे कलम युद्धकैद्याला लागू आहे. मच्छिमाराला नाही, कारण तो लढवय्या नाही. म्हणजे ज्याने गोळी झाडली त्याच्या परतीची हमी आहे आणि ज्याने जाळे टाकले त्याच्या परतीची नाही. समुद्रविषयक १९८२ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे ७३ वे कलम असे सांगते की, किनाऱ्यालगतच्या देशाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडल्यास, दोन्ही देशांत तसा वेगळा करार नसेल तर, तुरुंगवासाची शिक्षा देऊ नये, आणि तारण घेऊन नौका व खलाशी यांना तत्काळ सोडावे. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही या करारास मान्यता दिलेली आहे. परंतु सर क्रीकच्या परिसरात सरहद्दच वादग्रस्त. कोणते पाणी कोणाचे हे नकाशे काढणाऱ्यांना ठरविता आलेले नाही, ते रात्रीच्या वाऱ्यात भरकटलेल्या तांडेलाला ठाऊक असावे अशी अपेक्षा दोन्ही तटरक्षक दले करतात. मग अटक होते, काही महिन्यांची शिक्षा होते, ती भोगून होते, आणि तरीही राष्ट्रीयत्वाची पडताळणी व्हायची आहे म्हणून तो माणूस वर्षानुवर्षे कराचीच्या मलीर तुरुंगात राहतो. इकडे गुजरातच्या तुरुंगात पाकिस्तानी कोळ्याची गत याहून वेगळी नाही.

हे खलाशी कोण? गुजरातच्या नौकांवर काम करणारे सौराष्ट्राचे, दीवचे, आणि आपल्या पालघर जिल्ह्यातले आदिवासी. नौका मालकाची, जाळे मालकाचे, मासळीचा भाव दलालाचा; तुरुंग तेवढा खलाशाचा. त्यांच्यापैकी काहींचे मृतदेहच घरी आले, आणि तेही मृत्यूनंतर काही आठवड्यांनी. मच्छिमारांच्या या प्रश्नाला राष्ट्रीय सुरक्षेचा रंग दिला जातो; वस्तुतः तो मजुराचा प्रश्न आहे.

सुटका होते तेव्हाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. मे २०२३ मध्ये मलीरमधून १९८ भारतीय मच्छिमार सुटले. कराची ते ओखा हे समुद्रावरचे सरळ अंतर साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. पण समुद्रात पकडलेल्या माणसाला समुद्राने परत पाठविण्याची रीत नाही. त्याला कराचीहून आगगाडीने लाहोरला, तेथून वाघ्याला, मग अमृतसरहून पुन्हा आगगाडीने बडोद्याला आणि तेथून बसने वेरावळला आणतात. हा दोन हजार किलोमीटरांहून मोठा वळसा आहे. आणि कराची ते लाहोरचे भाडे कोण भरते? ते पाकिस्तानातील ईधी प्रतिष्ठान भरते. सुटणाऱ्या खलाशाच्या हातात थोडे पैसे आणि कपडेही तेच ठेवते. लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या या संस्थेला कृतज्ञतेने वंदन केले पाहिजे. परंतु दोन अण्वस्त्रधारी राष्ट्रांच्या मध्ये एका कोळ्याच्या तिकिटाचे पैसे धर्मादायातून यावेत, याची लाज कोणाला वाटायची? जिनिव्हाचे कलम सैनिकासाठी खर्चाची वाटणी करून ठेवते. खलाशासाठी तेवढी ओळही कोणी लिहिलेली नाही.

सरकारांच्या मनात असले म्हणजे काय होते तेही आपण पाहिले आहे. एप्रिल २०२५ मध्ये अटारीची चौकी बंद झाली. मे महिन्यात चार दिवस दोन्ही देश एकमेकांवर शस्त्रे चालवीत होते. तरी चुकून सरहद्द ओलांडलेला सीमा सुरक्षा दलाचा एक जवान १४ मे रोजी, म्हणजे तीन आठवड्यांत, त्याच अटारीच्या फाटकातून परत आला आणि आपल्या ताब्यातील त्यांचा रेंजर त्याच दिवशी पलीकडे गेला. हे योग्यच झाले. परंतु जवानासाठी तीन आठवड्यांत उघडणारे फाटक खलाशासाठी तीन तीन वर्षे का उघडत नाही, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

म्हणून पक्षाने पुढील मागण्या स्वच्छ शब्दांत मांडाव्यात असे आम्हाला वाटते. शिक्षा संपलेल्या मच्छिमाराची रवानगी ठरावीक मुदतीत, समजा तीस दिवसांत, आपोआप व्हावी; पडताळणीचे काम शिक्षा चालू असतानाच पुरे व्हावे. ओखा आणि कराची यांच्या दरम्यान समुद्रातच माणसे आणि शक्य तेथे नौकाही परस्परांच्या हवाली करण्याची व्यवस्था व्हावी. प्रवासाचा संपूर्ण खर्च सरहद्दीपर्यंत एका सरकारने व पुढे दुसऱ्या सरकारने सोसावा, आणि हिशेबाचा वाद माणूस घरी पोचल्यावर घालावा. घरचा कर्ता माणूस तुरुंगात असेतो कुटुंबाला निर्वाहभत्ता मिळणे ही मेहरबानी न राहता हक्क व्हावा, व त्याचा काही भार नौकामालकावर टाकावा. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची कैद्यांविषयीची संयुक्त समिती २०१३ नंतर बसलेलीच नाही. ती पुन्हा कामास लावावी. आणि या सर्व गोष्टी एकमेकांच्या वर्तनावर अवलंबून न ठेवता भारताने आपल्या ताब्यातील माणसांपुरत्या आधी सुरू कराव्यात. ‘त्यांनी सोडले तर आम्ही सोडू’ हा तराजू आपण फोंड्याच्या छावणीपासून पाहत आलो आहोत.

शेवटी एक कडू गोष्ट आपल्याच बंदरासंबंधी. मालवण-देवगडच्या पाण्यात मलपीकडचे वेगवान ट्रॉलर घुसतात, रापणकर आणि छोट्या गाबीत मच्छिमाराच्या तोंडचा घास पळवितात, त्याविरुद्ध आपण लढलो आहोत आणि यापुढेही लढू. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. त्याची कडक अंमलबजावणी झालीच पाहिजे. परंतु असा ट्रॉलर पकडून धक्क्याला आणला जातो तेव्हा संतापाच्या भरात आपला हात कोणावर उठतो? मालक मंगळूर-उडुपीकडे आपल्या घरी असतो. हाती सापडतो तो खलाशी, ज्याला मजुरी मिळाली तर मिळाली. नौका अडवावी, मासळीचा लिलाव करावा, मालकाकडून दंडाची शेवटची पै वसूल करावी. खलाशाला मात्र त्याच दिवशी जेवू घालून घरच्या गाडीत बसवावे, आणि ते भाडे दंडाच्या रकमेतून भरावे. दिल्ली-इस्लामाबादकडे जो न्याय मागायचा तो आपल्या धक्क्यावर आधी दिसला पाहिजे. नाही तर आपला शब्द पोकळ ठरेल.

नाथ पै आणि मधु दंडवते यांनी या किनाऱ्यावरून लोकसभेत जाऊन परराष्ट्रधोरणावर बोलताना कोकणातल्या साध्या माणसाला कधी नजरेआड होऊ दिले नाही. त्यांच्या मतदारसंघातल्या कार्यकर्त्यांनी येत्या १ जानेवारीला किंवा १ जुलैला, दोन्ही राजधान्यांत याद्यांची देवघेव होईल त्याच दिवशी, प्रत्येक बंदरावर एक छोटी सभा घ्यावी. त्या दिवसाच्या यादीतला आपल्या आणि त्यांच्या मच्छिमारांचा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि पुढल्या सहामाहीत तो कितीने उतरला हे त्याच फळ्यावर लिहून दाखवावे. मोर्चे, घोषणा पुढे होतील. हा आकडा लोकांना पाठ झाला, तर सरकारला तो विसरता येणार नाही.